रस्त्यावर मेलेलं हरीण कुणाचं? वनविभाग आणि रस्ते यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
राज्याचा वनविभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि राष्ट्रीय महामार्गांची देखभाल पाहणाऱ्या यंत्रणा यांस

विषय : वाहनाच्या धडकेत मेलेल्या व जखमी झालेल्या हरणांची हाताळणी, तपासणी, विल्हेवाट आणि नोंद

महोदय,

जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री चितळ मेलं की पुढे काय होतं, हे आपल्या खात्यांतल्या खालच्या माणसांना तोंडपाठ आहे. पहिली दोन-चार वाहनं बगल देऊन जातात, मग एखादा ट्रक वरून जातो. गस्तीची गाडी आलीच तर पाय धरून ते कडेच्या चरात ओढलं जातं. उजाडेपर्यंत शिंगं गेलेली असतात, कधी मागची मांडीही. त्यानंतर हद्दीचा घोळ सुरू होतो. रस्ता एका खात्याचा, कडेचं जंगल दुसऱ्याचं आणि मेलेलं जनावर नेमकं पांढऱ्या पट्टीवर. पशुधन विकास अधिकारी पोचेपर्यंत पोट टम्म फुगलेलं असतं. शवविच्छेदन उरकलं जातं, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू’ अशी ओळ पंचनाम्यात पडते आणि ओल्या लाकडांवर डिझेल ओतून विषय संपवला जातो.

यात कुणा एका वनरक्षकाचा दोष आम्ही काढत नाही. रात्री अडीच वाजता एकट्या माणसाने काय करायचं, किती वेळात करायचं आणि गाडी कुणाची मागायची, हे त्याला लेखी सांगितलेलंच नसेल तर तो तरी काय करणार? वाघ मेला तर काय करायचं याची राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची लेखी कार्यपद्धती आहे. हरणासाठी तितकी नेमकी पद्धत निदान रस्त्यापर्यंत तरी पोचलेली दिसत नाही. हे पत्र लिहिणारे पशुवैद्यक, बचावकर्मी आणि निवृत्त वनकर्मचारी आहोत. असं जनावर उचलायला, फाडायला आणि पुरायला आमच्यातलंच कुणी ना कुणी उभं असतं, म्हणून काय बिघडतं आणि का बिघडतं ते तपशिलात मांडतो.

आधी मालकी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता असतो. तो कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवून सुपूर्द करावा लागतो. लेखी परवानगीशिवाय तो ठेवता, देता किंवा नष्ट करता येत नाही. म्हणजे चरात चितळ ढकलून देणारी गस्तीची गाडीही खरं तर शासनाच्या मालमत्तेची परस्पर विल्हेवाट लावते. कायद्यात ‘चुकून’ हा शब्द आहे, हेही लक्षात घ्या. धडक देऊन पळून जाणारे बरेच चालक शिकारीचा गुन्हा लागेल या भीतीने पळतात. थांबून कळवणाऱ्याची जागेवर जबानी घेऊन त्याला सोडलं जाईल, अशी खात्री त्यांना कुणी दिलेलीच नाही. अभयारण्यात वेगमर्यादा मोडणारा वेगळा, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण कळवणारा आणि पळणारा यांना एकाच मापाने मोजलं, तर कुणीच कळवणार नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, वेळेची. शव रस्त्यावर पडून राहिलं की त्यावर कोल्हा येतो, तरस येतो, रानमांजर येतं, पहाटे घारी आणि कावळे येतात. पुढच्या वाहनाखाली त्यांतलाच एखादा सापडतो. एका चितळाच्या ठिकाणी दोन दिवसांत आणखी दोन प्राणी मेल्याचं आढळलं, तर त्यात गूढ काही नाही. सांबरासारखं दोन-अडीचशे किलोचं धूड अंधारात रस्त्यावर असेल तर दुचाकीस्वाराचाही जीव जातो. त्यामुळे शव रस्त्यावरून बाजूला घेणं हे पहिलं काम, पण ते फोटो काढल्यावर. चार बाजूंनी चार फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादी बाटली, किलोमीटरचा दगड दिसेल असा एक फोटो आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश. एवढ्याला पाच मिनिटं लागतात. हे न करता जनावर हलवलं की रक्ताचा माग, ब्रेकच्या खुणा आणि जनावर कोणत्या बाजूने आलं हे सगळं पुसलं जातं.

दुसरी तक्रार शवविच्छेदनाची, आणि यावर थोडं जास्त लिहिणं भाग आहे. रस्त्यावर सापडलेलं प्रत्येक हरीण रस्त्यावरच मेलेलं असतं, असं गृहीत धरलं जातं. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने चितळ मेलं, तर ते रात्रीत ओढून डांबरावर आणून टाकणं अवघड नाही. मग दोन ट्रक वरून गेले की अपघात सिद्ध! हे ओळखता येतं. जिवंतपणी धडक बसली असेल तर कातडी सोलल्यावर आत रक्त साकळलेलं दिसतं, मोडलेल्या बरगड्यांच्या भोवती स्नायूत रक्त शिरलेलं असतं. मेल्यावर चाक गेलं असेल तर हाडं मोडतात, पण भोवतालचं मांस फिकटच राहतं. खुरांच्या वर, तोंडावर किंवा छातीवर कडा कडक झालेली भाजल्यासारखी छोटी खूण असेल तर विजेचा संशय घ्यावा. मानेभोवती किंवा पायाच्या नळीवर बारीक, खोल वळ असेल तर तारेचा फास. मांड्यांवर आणि शेपटीखाली दातांच्या जखमा असतील तर कुत्र्यांनी पाठलाग करून ते रस्त्यावर आणलेलं असण्याची शक्यता जास्त. या चारही गोष्टींवर करायचे उपाय वेगवेगळे आहेत. ‘अज्ञात वाहन’ लिहून टाकलं की चारही उपाय बंद होतात.

कातडी सोलल्याशिवाय यातलं बहुतेक काही दिसत नाही. पोटावर एक चीर देऊन शिवून टाकणं म्हणजे शवविच्छेदन नव्हे. शिवाय त्याला वेळेची मर्यादा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबत असतो आणि जनावर मेल्यावरही ते थांबत नाही. उन्हाळ्यात काही तासांतच वायूने पोट ताणलं जातं, आतडी हिरवट पडतात, कातडीखालचा साकळा आणि कुजण्याचा रंग एकमेकांत मिसळतात. त्यानंतर चांगला पशुवैद्यकही ठामपणे काही लिहू शकत नाही. दवाखाना उघडायची वाट पाहण्याचा हा परिणाम.

मात्र एक अपवाद आहे आणि तो प्रत्येक वनरक्षकाला पाठ हवा. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, धडकेची खूण नसेल आणि शरीर नेहमीसारखं ताठलेलंही नसेल, तर त्या शवाला चाकू लावायचा नाही. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय धरायचा. शरीर उघडलं की हवेच्या संपर्काने त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. अशा वेळी पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचा. तोवर शव झाकून ठेवायचं आणि कुत्री दूर ठेवायची. गोचिडांचंही तसंच. शरीर थंड पडू लागलं की गोचीड ते सोडून नवं जनावर शोधतात, आणि त्या क्षणी सर्वांत जवळ असतो तो शव उचलणारा मजूर. सिंधुदुर्गात माकडताप गोचिडांतूनच माणसांपर्यंत पोचतो, हे आपल्याला माहीत असताना उघड्या हातांनी पाय धरून हरीण ओढायला लावणं आम्हाला मान्य नाही. रबरी हातमोजे, गमबूट आणि जाड ताडपत्री यांना निधी नाही, हे कारण ऐकून घेण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट सतत राहून जाते. मादी असेल तर सड दाबून पाहा. दूध आलं तर पाडस जवळपासच्या गवतात बसून आहे. चितळाचं नवं पाडस पहिले काही दिवस लपून राहतं, आई येईपर्यंत हलत नाही. ते पन्नास-शंभर पावलांवर असूनही कुणाला दिसत नाही आणि दोन दिवसांत भुकेने मरतं, किंवा त्याच रस्त्यावर येतं. एक माणूस तिथे शांत बसवून पहाटे आणि संध्याकाळी पाळत ठेवायला लागते, एवढंच.

तिसरी तक्रार जखमी हरणांची. मेलं आहे असं समजून उचललेलं जनावर गाडीत उठून लाथा झाडतं, हे नवीन नाही. आधी छातीची हालचाल पाहावी, मग मागच्या बाजूने जाऊन काठीच्या टोकाने बुबुळाला हलकेच स्पर्श करावा. पापणी मिटली तर ते जिवंत आहे. उठत नाही म्हणजे पाठीचा कणा मोडला, असंही नाही. धडकेने सुन्न झालेलं हरीण अर्ध्या तासात उठून निघून जातं, पण भोवती गर्दी नसेल तर. डोळ्यांवर कापड टाकावं, पोटावर बसतं करून मान वर धरावी, कुशीवर पडू देऊ नये, कारण कुशीवर पडलेल्या रवंथी जनावराचं पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जातं. आणि मोबाइलच्या दिव्यांचा घोळका आधी हटवावा. हरीण जातीचं जनावर धसक्याने स्नायू निकामी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरू शकतं. मग ‘उपचारादरम्यान मृत्यू’ लिहिलं जातं. त्यातला किती भाग धडकेचा आणि किती हाताळणीचा, हे कुणी पाहत नाही.

कणा खरंच मोडलेला असेल, मागच्या पायांत संवेदनाच नसेल, तर त्याला यातनांतून सोडवायला त्याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार कारणांसह लेखी परवानगी लागते. अट योग्य आहे. पण परवानगी सकाळी अकराला येणार असेल तर आठ-नऊ तास ते जनावर तसंच तडफडतं. कायदा जिथे अधिकार सोपवू देतो तिथे तो आधीच सोपवून ठेवा, आणि जिथे मुख्य वन्यजीव रक्षकांचीच परवानगी लागते तिथे रात्री ती मिळण्याची सोय करा. बाकी कारणांना आमच्याकडे उत्तर नाही.

चौथी तक्रार विल्हेवाटीची. सरसकट जाळायचं, हा जो रिवाज पडला आहे तो जाळणाऱ्यांनाही पेलत नाही. माणसाच्या चितेला तीन-चारशे किलो कोरडं लाकूड लागतं. प्रौढ चितळ नर ७० ते ९० किलोंचा, म्हणजे त्यालाही तेवढंच लागेल. सांबर नर दोनशे किलोंच्या पुढचा. त्यातला पोटाचा ओला चारा जळतच नाही. पावसाळ्यात लाकूड ओलं, उन्हाळ्यात वणव्याचा धोका, आणि टायर टाकले तर विषारी धूर. शेवटी अर्धवट जळलेलं धड मागे उरतं आणि रात्री कुत्री किंवा रानडुकरं ते ओढून परत रस्त्याकडे आणतात.

पुरायचं असेल तर चितळासाठी खड्डा किमान पावणेदोन ते दोन मीटर खोल हवा, म्हणजे शवावर सव्वा मीटर माती राहते. तरस आणि कुत्री याहून कमी खोलीचं उकरून काढतात. पुरण्याआधी पोटाला भोक पाडावं, नाहीतर वायूने ते फुगून माती वर उचलतं आणि मग ती माती खचते. वर दगड आणि काटेरी फांद्या. विहीर, ओढा, पाणवठा जवळ असेल तर तिथे पुरूच नये, आणि काळ्या मातीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी लागलं तर जागा बदलावी. कोकणात जांभा लागतो, घाटावर कातळ. तिथे दोन मजूर आणि फावडं घेऊन हे होत नाही, जेसीबीच लागतो. तो महामार्गाच्या देखभाल करणाऱ्यांकडे उभा असतो, पण वनरक्षकाला तो मागायचा अधिकार नसतो.

तिसरा मार्ग आहे जंगलाचं जंगलाला परत देण्याचा, म्हणजे शव गिधाडांसारख्या मेलेलं खाणाऱ्या प्राण्यांसाठी ठेवण्याचा, आणि आमच्या मते मोठ्या सलग जंगलात पहिला विचार याचाच व्हावा. गिधाडांचा नाश गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने झाला. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली, तरी मेलेल्या गुरात कोणतं औषध असेल ही धास्ती आजही आहे. औषधोपचार न झालेल्या रानातल्या चितळात ती नाही. गडचिरोलीत गिधाडांना खाद्य पुरवण्याचे प्रयत्न आपलाच विभाग करतो, आणि इकडे स्वच्छ मांस आपण डिझेल ओतून जाळतो! पण यालाही अटी आहेत. रोग, विष किंवा शिकारीचा संशय नको. जखमी असताना वेदनाशामक दिलेलं असेल तर ते शव ठेवू नये. बेशुद्धीच्या औषधाने किंवा बार्बिच्युरेट या गुंगीच्या औषधाने दयामरण दिलेलं शव तर खाणाऱ्यालाही मारतं, ते खोल पुरायलाच हवं. जागा उघडी असावी, कारण गिधाडाला दाट झाडीत उतरता येत नाही. रस्ता, वस्ती, विजेच्या तारा आणि पाणवठा यांपासून ती लांब असावी. गावाजवळ शव टाकून बिबट्याला आमंत्रण देऊ नये. आणि शिंगं आधी काढून घ्यावीत.

शिंगांचं थोडक्यात. पंचांसमोर मोजून, क्रमांक टाकून, सीलबंद ठेवा आणि ठराविक मुदतीत समितीसमोर पूर्ण नष्ट करा. शिंगं साध्या आगीत राख होत नाहीत, अर्धवट जळलेल्यांनाही गिऱ्हाईक असतं.

मांस वाया जातं, गरिबाला खाऊ द्या, अशी सूचना अधूनमधून होते. काही देशांत परवाना घेऊन तसं करता येतं. आपल्याकडे कायदा त्याला मनाई करतो आणि ती राहावी, असंच आम्ही म्हणू. अपघाताचं मांस घरी नेता आलं की अपघात घडवले जातील, आणि फासात मेलेलं हरीणही रस्त्यावर ‘सापडेल’. शिवाय धडकेत पोट आणि आतडी फुटून आतली घाण मांसात पसरते, ते वरून दिसतही नाही.

पाचवी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त खुपते. या मृत्यूंची नोंद रस्ता दुरुस्त करणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पंचनामा वनपरिक्षेत्राच्या कपाटात राहतो आणि अभियंत्याला त्याच वळणावर गेल्या वर्षी काय झालं याचा पत्ता नसतो. हरणं मनाला येईल तिथे रस्ता ओलांडत नाहीत. मोह फुलतो तेव्हा मोहाखाली, उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर, पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेच्या कोवळ्या गवतावर, पीक उभं असताना शेताच्या बाजूला, बहुधा तिन्हीसांजेला आणि पहाटे. कळपातलं एक ओलांडून गेलं की बाकीची मागोमाग निघतात, त्यामुळे चालकाने पहिल्याला वाचवलं तरी तिसरं सापडतं. दुभाजकाच्या जागी सलग काँक्रीटची भिंत असेल तर मोठं चितळ उडी मारतं, पाडस मध्येच अडकतं आणि त्याच्यासाठी आई परत फिरते.

उपाय ठाऊक नाहीत असं नाही. भारतीय वन्यजीव संस्थेची रस्त्यांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका २०१६ पासून उपलब्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचमधून जाणाऱ्या पट्ट्यात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या. कॅमेरा सापळ्यांत तिथून चितळांपासून वाघापर्यंतचे प्राणी जाताना टिपले गेले. पण खालची वाट बांधून काम संपत नाही. तिथे राडारोडा पडला, पाणी साचलं, ट्रक उभे राहू लागले किंवा रात्रभर दिवे लागले, की हरणं पुन्हा वर येतात. कुंपणाचं तसंच. सांबराला अडवायला सुमारे २.४ मीटर उंची लागते. कुंपण जिथे संपतं तिथे ओलांडायची वाट नसेल, तर सगळे मृत्यू त्या टोकाला गोळा होतात. आत अडकलेल्या जनावराला बाहेर उडी मारायला मातीचा उतारही हवा. हरणांना सावध करण्यासाठी गाडीला लावायच्या शिट्ट्यांवर मात्र कुणी पैसे घालू नयेत, त्यांना हरणं दाद देत नाहीत. ‘वन्यप्राणी मार्ग’ असा नुसता फलक लावला, तर रोज जाणारा चालक आठवड्यात तो पाहायचा सोडून देतो.

या सगळ्यावरून आमच्या मागण्या अशा :

१. मृत आणि जखमी हरणांसाठी चारही विभागांच्या सहीची एकच लेखी कार्यपद्धती काढा. तीत प्रत्येक किलोमीटरमागे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि पर्यायी पद नमूद असावं. हद्दीचा वाद शव हलवल्यानंतर सोडवला जाईल, हेही तीत लिहा.

२. राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या हेल्पलाइनवर आलेला वन्यप्राण्याच्या धडकेचा प्रत्येक फोन त्याच क्षणी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनकडे आणि संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे वळवा. रस्ता मोकळा करायला दोन तास आणि शवविच्छेदन सुरू करायला सहा तास ही कमाल मर्यादा ठेवा.

३. जंगलपट्ट्यातील तालुक्यांत रात्रपाळीचे पशुवैद्यक नेमा, खाजगी पशुवैद्यकांची यादी आणि मानधन ठरवा. कातडी सोलून केलेल्या तपासणीचा एक छापील नमुना सर्वत्र वापरा.

४. गस्तीच्या प्रत्येक गाडीत हातमोजे, ताडपत्री, दोर, चुना, मोजपट्टी आणि डोळे झाकायचं कापड ठेवा. जेसीबी मागवण्याचा अधिकार वनपालाला द्या.

५. स्वतःहून कळवणाऱ्या चालकाची जबानी जागेवर घेऊन त्याला जाऊ देण्याचं परिपत्रक काढा आणि ते टोलनाक्यांवर लावा.

६. प्रत्येक मृत्यूची नोंद शंभर मीटरपर्यंतच्या अचूकतेने, वेळ, जात, लिंग, वय आणि जनावर कोणत्या बाजूने आलं यांसह, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करा. वर्षभरात पाचशे मीटरच्या आत तीन मृत्यू झाले, तर त्या जागेची संयुक्त पाहणी महिनाभरात करून काय करणार ते लेखी सांगा. गवत कापणं आणि वेग कमी करणारे उंचवटे यांसाठी तर निविदेचीही वाट पाहू नका.

७. आधीच बांधलेल्या प्राण्यांच्या वाटांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करा, आणि छायाचित्रांसह अहवाल उघड करा.

यापैकी पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मागणीला नवा निधी लागत नाही, फक्त सह्या लागतात. त्या तीस दिवसांत व्हाव्यात, आणि ज्या मागण्या मान्य नाहीत त्यांची कारणं लेखी कळवावीत, ही विनंती. कार्यपद्धतीचा आणि शवविच्छेदनाच्या नमुन्याचा मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपले,
जंगलरस्त्यांवर काम करणारे पशुवैद्यक, बचावकर्मी आणि निवृत्त वनकर्मचारी